पारदर्शक पडद्याचा इतिहास : केराटोकोनस आणि बुबुळातील रोपणे

न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेत अन्य मान्यवरांनी घेतलेलाच आहे. इतिहासपर लेखासाठी संपादक मंडळाने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा तीर्थक्षेत्र वा मंदिर यांऐवजी डोळ्याच्या एका विकाराचा आणि त्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास मी निवडला. याचे कारण असे की, हा विकार ऐन तारुण्यात गाठतो, आणि त्यावरील एका नव्या उपचाराने अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या समाजापुढे एक अवघड प्रश्न उभा केला आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. म्हणून दृष्टान्त कापडाचे आले तर सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

डोळ्याच्या अगदी पुढच्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. वैद्यकीय ग्रंथांत त्यास स्वच्छमंडल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि बोलीभाषेत आपण त्यालाही बुबुळच म्हणतो. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा जाडीत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोनशेहून अधिक थर एकावर एक, उभ्याआडव्या धाग्यांसारखे रचलेले असतात. हे विणकाम इतके नेमके असते की त्यातून प्रकाश आरपार जातो. या पडद्यात रक्तवाहिनी नसते.

केराटोकोनसमध्ये या विणीची पकड सैल होते. पोत विरळ झाला की कापडाला झोळ पडतो, तसा कॉर्निया मध्यभागी वा किंचित खाली पातळ होऊन पुढे फुगतो आणि गोलाईऐवजी शंकूचा आकार घेतो. या नावातील दोन ग्रीक शब्दांचे अर्थ शिंग आणि शंकू असेच आहेत. विकार बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकात सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहतो. चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलतो, दिव्याभोवती किरणे फुटतात, अक्षरांना सावल्या येतात. पुढे चष्मा निरुपयोगी ठरतो आणि शंकू फार उंचावला की डोळ्यावर लेन्सही टिकत नाही. डोळे चोळण्याची सवय या विकाराला पोषक ठरते, ही गोष्ट घरोघरी सांगण्याजोगी आहे.

विकाराची ओळख

जर्मनीतील मौखार्ट याने १७४८ साली अशा डोळ्याचे वर्णन केले. पण अन्य नेत्रविकारांपासून त्यास स्पष्टपणे वेगळे काढण्याचे श्रेय लिव्हरपूलचे डॉ. जॉन नॉटिंगहॅम यांना दिले जाते. त्यांचा शंक्वाकार कॉर्नियावरील ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शक यंत्र सिद्ध केले होते. त्याच्या आधारे लंडनचे विल्यम बोमन यांनी १८५९ साली या विकाराचे निदान कसे करावे ते दाखवले. १८६९ साली स्वित्झर्लंडच्या योहान हॉर्नर यांनी प्रबंध लिहिला, तोवर केराटोकोनस हे नाव रूढ झाले होते.

निदान झाले तरी उपचार मात्र कठोर होते. बोमन यांनी बारीक आकड्याने बाहुली ओढून मांजराच्या बाहुलीसारखी उभी फट केली. बर्लिनचे थोर नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांचा भर रौप्याच्या क्षाराने कॉर्निया डागून वर घट्ट पट्टी बांधण्यावर होता. डागलेल्या जागी व्रण पडून शंकू चपटा व्हावा, ही अपेक्षा. १८८८ साली फ्रान्समधील यूजीन काल्ट यांनी शंकू दाबून धरण्यासाठी काचेचे कवच डोळ्यावर बसवले. आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या आद्य प्रयोगांत त्याची गणना होते.

काच, वराह आणि मानव

कॉर्नियाच बदलावा, ही कल्पना त्याहून जुनी आहे. १७८९ साली फ्रान्सच्या पेलिए द केंग्सी यांनी चांदीच्या कड्यात काच बसवून ती कॉर्नियाच्या जागी शिवावी, असे सुचवले. १८३८ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड किसाम यांनी एका रुग्णाच्या गढूळ कॉर्नियाच्या जागी डुकराचा कॉर्निया बसवला. काही काळ दृष्टी सुधारली, पण ते रोपण लवकरच गढूळ होऊन वाया गेले. पुढेही अनेक दशके ससे व अन्य प्राण्यांचे कॉर्निया माणसाच्या डोळ्यावर लावण्याचे प्रयत्न होत राहिले आणि एकामागून एक फसत गेले. परक्या जातीच्या प्राण्याची ऊती मानवी शरीर स्वीकारत नाही, हा त्यातून मिळालेला धडा.

७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउट्स या गावी डॉ. एदुआर्द झिर्म यांनी मानवी कॉर्निया वापरला. रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. दाता अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याचा इजा झालेला डोळा काढावाच लागणार होता. दोन रोपणांपैकी एक टिकले आणि मजूर पुन्हा कामाला लागला. पूर्ण जाडीचे हे पहिले यशस्वी कॉर्नियारोपण होय. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीर परका कॉर्निया तुलनेने सहज सामावून घेते, हे रहस्य पुढे कळले.

परंतु जिवंत माणसाचा निकामी डोळा ऐनवेळी मिळणार कोठून? ओडेसाचे व्लादिमिर फिलातोव्ह यांनी १९३०च्या दशकात मृत व्यक्तीचे कॉर्निया वापरून दाखवले, आणि या विद्येचे दार सर्वसामान्यांसाठी उघडले. केराटोकोनससाठी पहिले कॉर्नियारोपण न्यूयॉर्क येथे रामोन कास्त्रोव्हिएहो यांनी १९३६ साली केले. त्याच शहरात १९४४ साली टाउनली पेटन यांनी पहिली नेत्रपेढी स्थापन केली. भारत यात मागे नव्हता. मद्रास येथे डॉ. आर. ई. एस. मुथय्या यांनी १९४५ साली नेत्रपेढी सुरू केली आणि १९४८ साली कॉर्नियारोपण केले. त्या वेळच्या मुंबई राज्याने १९५७ साली कॉर्नियारोपणासंबंधी कायदा केला. मृताचा डोळा घेण्यास कायद्याचा आधार देणाऱ्या देशातील आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक होय.

शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण येथे विशेष मननीय आहे. डॉ. हडसन सिल्वा यांनी नेत्रदानाची चळवळ उभारून १९६१ साली त्यासाठी संस्था स्थापन केली. शिबी राजाने आपले डोळे दान केल्याची जातककथा तेथे घरोघरी परिचित होती. डॉ. सिल्वांनी तीच भावना हाती धरली. १९६४ साली सिंगापूरला कॉर्निया रवाना झाले आणि पुढे हे छोटेसे बेट अनेक देशांना डोळे पुरवू लागले. श्रमण परंपरेतील एका धर्माने आधुनिक वैद्यकास दिलेला हा आधार आपण विसरता कामा नये.

पडद्याच्या आतील कडी

पूर्ण कॉर्निया बदलणे म्हणजे जुने वस्त्र काढून नवे जोडणे. टाके केसाहून बारीक, ते महिनोन्महिने ठेवावे लागतात, आणि शरीराने रोपण नाकारण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. विशीतील रुग्णाला हे ओझे उभ्या आयुष्यासाठी वाहायचे असते. म्हणून झोळ पडलेले वस्त्र न फाडता ताणून सरळ करता येईल काय, असा विचार सुरू झाला.

लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी महायुद्धात विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळे ते निमूट सोसतात, हे पाहिले होते. १९४९ साली त्यांनी त्याच प्लास्टिकचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णास बसवले. त्याच वर्षी होसे इग्नासिओ बाराकेर यांनी कॉर्नियाच्या थरांमध्ये काही घालून त्याचा आकार बदलण्याची कल्पना मांडली. १९७८ साली अमेरिकेतील रेनॉल्ड्स यांनी त्यासाठी कड्याची योजना सुचवली, आणि तिच्यातून पुढे प्रत्येकी दीडशे अंशांच्या दोन चापांची ‘इन्टॅक्स’ ही कडी तयार झाली.

तिचे तत्त्व शिंप्याला चटकन समजेल. कॉर्नियाच्या कडेजवळ, जाडीच्या सुमारे दोन-तृतीयांश खोलीवर, अर्धवर्तुळाकार बोगदा करून त्यात हे चाप सरकवतात. कडेला अशी भर पडली की मधला पडदा ताणला जाऊन चपटा होतो. सैल पडद्याच्या काठात दोरी ओवली की मधला झोळ ओढला जातो, तसाच हा प्रकार. मध्यभागास हात लागत नाही, आणि गरज पडल्यास चाप काढूनही घेता येतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल १९९९ मध्ये या कडीला मान्यता दिली, ती सौम्य लघुदृष्टीसाठी. व्यापाराच्या दृष्टीने मात्र तिचे दैव वेगळे होते. लेसर शस्त्रक्रियेने बाजार काबीज केला आणि २००१ साली कडी बनवणारी कंपनी दिवाळ्यात निघाली. पण माल वाया गेला नाही, त्याला खरे गिऱ्हाईक दुसरीकडे मिळाले. फ्रान्समधील ब्रेस्ट येथे डॉ. जोसेफ कोलँ यांनी १९९७ सालीच ती केराटोकोनसच्या रुग्णास बसवली होती, आणि २००० साली त्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला. ब्राझीलमध्ये डॉ. पाउलो फेरारा यांनी स्वतंत्रपणे, अधिक लहान व्यासाची कडी विकसित केली. २००४ साली अमेरिकेत केराटोकोनससाठी या कडीला मानवतावादी सवलतीखाली परवानगी मिळाली. बोगदा पूर्वी हाताने कोरीत असत, पुढे ते काम अतिसूक्ष्म लेसरने होऊ लागले.

कडीला मर्यादाही आहेत. ती आकार सुधारते, विकार थांबवत नाही. त्यासाठी जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थिओ झायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात वेगळा मार्ग शोधला. जीवनसत्त्व ब-दोनचे थेंब टाकून कॉर्नियावर अतिनील किरण सोडायचे, म्हणजे धाग्याधाग्यांत नव्या गाठी बसून वीण घट्ट होते. २००३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या उपचाराने असंख्य तरुणांचा विकार वेळीच रोखला गेला. मात्र तोही विकार फार पुढे जाण्यापूर्वी करावा लागतो. अतिशय पातळ झालेल्या कॉर्नियात प्लास्टिकची कडी घालणे धोक्याचे असते. वरचा थर झिजून ती बाहेर येऊ शकते.

पुन्हा मानवी ऊतीकडे

येथून इतिहास पुन्हा मानवी दानाकडे वळतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. अन्वर यांच्या पद्धतीत हवेचा फुगा भरून कॉर्नियाचे पुढचे थर अलग करतात. केवळ तेच बदलतात आणि रुग्णाचा स्वतःचा सर्वांत आतला थर राखतात. हॉलंडमधील डॉ. मेलेस यांनी दात्याच्या कॉर्नियातील बोमन थर हा अत्यंत पातळ पापुद्रा रुग्णाच्या कॉर्नियात आतून बसवला. हा अनुभव २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि तो प्रामुख्याने पुढच्या टप्प्यावरील केराटोकोनससाठीच होता.

आपणांस अभिमान वाटावा असे पुढचे पाऊल चेन्नई येथे पडले. डॉ. सूसन जेकब यांनी प्लास्टिकच्या चापांऐवजी दात्याच्या कॉर्नियातूनच चाप कापून ते बोगद्यात बसवले, आणि २०१८ साली ही पद्धत जगापुढे मांडली. मानवी ऊतीचा चाप शेजारच्या ऊतीशी जुळवून घेतो. प्लास्टिकसारखा तो रुतत वा टोचत नाही. पूर्ण रोपणासाठी कॉर्नियाच्या आतील थरातील पेशी जिवंत व पुरेशा असाव्या लागतात. चापासाठी केवळ मधली वीण पुरते. अर्थात जो कॉर्निया पूर्ण रोपणास कमी पडला म्हणून बाजूला राहिला असता, तोही एखाद्या तरुणाच्या उपयोगी पडू शकतो. कापडाच्या धंद्यातील माणसाला उरलेल्या तुकड्याचे हे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

वराहाच्या कातड्याचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार सुमारे १ कोटी २७ लाख माणसे कॉर्नियाच्या प्रतीक्षेत होती, आणि सत्तर गरजूंमागे जेमतेम एक कॉर्निया उपलब्ध होता. या तुटवड्यावर उपाय म्हणून स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी डुकराच्या कातड्यातील कोलॅजेन शुद्ध करून त्याचे पारदर्शक रोपण बनवले. त्यात प्राण्याची एकही पेशी नसते, त्यामुळे किसामच्या रोपणासारखी गत होण्याचे कारण उरत नाही. रुग्णाचा कॉर्निया न काढता, लहानशा छेदातून हे रोपण आत सरकवतात. पातळ पडलेल्या वस्त्राला आतून अस्तर लावावे, तसे.

ऑगस्ट २०२२ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या टप्प्यावरील केराटोकोनसचे वीस रुग्ण इराणमध्ये आणि आपल्या दिल्लीत या शस्त्रक्रियेस सामोरे गेले होते. त्यांपैकी चौदा जण आधी अंधत्वाच्या व्याख्येत बसत होते. दोन वर्षांनंतर त्यांतील एकही अंध राहिला नव्हता. भारतातील तीन रुग्णांची दृष्टी लेन्सच्या साह्याने पूर्णतः सामान्य झाली. दात्याचा कॉर्निया दोन आठवड्यांच्या आत वापरावा लागतो, हे रोपण दोन वर्षे टिकते. संख्या लहान होती आणि मोठे प्रयोग व्हायला हवेत, हे खरे. पण दिशा स्पष्ट झाली. १८३८ साली जो प्राणी अपयशी ठरला होता, तोच १८४ वर्षांनी वेगळ्या रूपाने डोळ्यात परतला.

जैन कुटुंबातील मुलाला उद्या डॉक्टरांनी हेच रोपण सुचवले तर? कातडे मांसाच्या धंद्यातील उपउत्पादन आहे, त्यासाठी वेगळी हत्या होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. परंतु आपल्या शास्त्राने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानले आहेत. स्वतः केली नाही, करवली नाही, तरी तिच्या फळाचा स्वीकार ही अनुमोदना ठरते काय, हा प्रश्न सहज झटकता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, डोळ्यांसमोर अंधार दाटलेल्या मुलाला केवळ तत्त्वासाठी थांबवणे हीही करुणा नव्हे. शिवाय ज्या उपचारांना आपण निर्दोष मानतो, त्यांच्या वाटेवरही सशांवरील प्रयोग घडलेले आहेत. या बाबतीत निर्णय त्या कुटुंबाने आपल्या गुरुजनांच्या व डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. कोणीही त्यास दूषण देऊ नये, असे माझे नम्र मत आहे.

मात्र एक गोष्ट इतिहास निःसंदिग्धपणे सांगतो. या रोपणाचा शोध लागला तो मानवी कॉर्निया निकृष्ट होता म्हणून नव्हे, तो पुरेसा मिळाला नाही म्हणून. ज्या उपायात कोणत्याही जिवाला यत्किंचितही पीडा नाही, असा एक उपाय झिर्म आणि फिलातोव्ह यांच्या काळापासून जगाला ठाऊक आहे, आणि चेन्नईच्या चापांनी त्याची उपयुक्तता वाढवली आहे. तो उपाय म्हणजे मृत्यूनंतरचे नेत्रदान. मग वराहाच्या कोलॅजेनला नकार देण्याचा नैतिक अधिकार कोणाला? जो आपल्या घरातील डोळे चितेवर राख होऊ देत नाही, त्याला. जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तर, नावे बाजूला नकार लिहायचा असेल तर जमा बाजूला दान असावे लागते.

गैरसमज अजूनही आहेत, म्हणून थोडे व्यवहारी सांगणे अगत्याचे आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, नेत्रपेढीस कळवावे. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, उशी देऊन डोके उंच ठेवावे. पेढीचे लोक घरी येतात, अर्ध्या तासाच्या आत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधी खोळंबत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया वा उतारवय यांची अडचण नसते. रक्तातून पसरणारे काही आजार व रेबीज यांत मात्र डोळे घेत नाहीत. इच्छापत्र भरले असले तरी त्या क्षणी घरच्यांची संमती लागते. म्हणून कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा मुलासुनांना स्पष्ट सांगून ठेवणे अधिक महत्त्वाचे.

राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असा पाळला जातो. आपले पर्युषण आणि दशलक्षण पर्वही बहुधा त्याच सुमारास येते. दशलक्षणातील आठवा धर्म उत्तम त्याग आणि नववा उत्तम आकिंचन्य. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो. जे देह सोडताना कोणालाच बरोबर नेता येत नाही, ते देऊन दोघांना दृष्टी देता येत असेल, तर ते औषधदानही आहे आणि अंधाराच्या भयातून सोडवणारे अभयदानही. न्यासाने सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्या दोन धर्मांच्या दिवशी, प्रत्येक कुटुंबाकडून नेत्रदानाचा शब्द घ्यावा, अशी विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे.